चकती

डिसेंबरात आमच्या गावी काळोख उशिरा येतो.
रात्रीचे अकरा होत आले तरी उजेड सामुद्रधुनीवर रेंगाळतो,
निरोप घेऊन झाल्यावर
दारातच गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.
बाबा खिडकीशी, हाताची घडी घालून.
"गेला का?" आई आतून विचारी.
"अजून नाही."

मग एकदाचा जाई.
न्हाणीच्या झरोक्यावर लोकरीचं घोंगडं,
दाराच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे,
टबावर फळी, फळीवर तीन ट्रे,
आणि आम्हा भावंडांना ताकीद:
ज्याला जायचंय त्याने आत्ताच जाऊन या.
झ्वोन्कोला हमखास मध्येच कळ येई.
त्याला शेजारच्या ओयार्सुन बाईंकडे पिटाळत,
वाऱ्यातून, चौकातला दोर धरून.
पुंता अरेनासात असे दोर बांधतात
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
आमच्या न्हाणीतही एक होता,
त्यावर चिमट्यांनी धरून ठेवलेली माणसं,
ओली, ठिबकणारी.

बाबांची बोटं दिवसभर मांसाच्या शीतगृहात बधिर झालेली.
त्यांना ट्रेमधलं रसायन कोमट आहे की गार, कळत नसे.
आई कोपर बुडवून सांगे,
तान्ह्या बाळाचं आंघोळीचं पाणी बघावं तसं.
लाल दिव्यात ती दोघं नवराबायको वाटत नसत,
चोर वाटत.

आई सेकंद मोजी तिच्या वडिलांच्या बेटावरच्या भाषेत,
जी तिच्याकडे मोजण्यापुरतीच उरली होती:
येदान, द्वा, त्री…
आणि तिच्या हातात वाकवलेली तार,
टोकाला पुठ्ठ्याची चकती, पेसोएवढी.
जिथे चेहरा काळवंडेल तिथे
ती एन्लार्जरच्या उजेडाला आडवी धरायची,
धरायची म्हणजे हलवत राहायची.
"हात थांबला की डाग पडतो."

एकदाच थांबला.
तोन्का मावशीच्या फोटोत, गालाजवळ,
एक फिकट वाटोळा ठिपका.
त्या रात्री दारावर थाप पडली होती.
झ्वोन्को म्हणतो, मीच होतो, लवकर परतलो.
असेल.
ते वर्षच असं होतं की
थाप कुणाचीही असो, हात थांबायचे.
कागद महाग होता. बाबांनी तोच भिंतीवर लावला.
चाळीस वर्षं आम्ही त्याला मावशीचा चंद्र म्हणत आलो.

आता माझी रोमिना छापते, जेवणाच्या टेबलावर,
भरदिवसा, पडदे सताड उघडे.
तिच्या प्रिंटरला काळ्याचेच तीन प्रकार लागतात.
न्हाणी आता नुसती न्हाणी आहे,
तरी झ्वोन्को आला की अजून विचारतो, जाऊ ना आत?
परवा तिने मावशीची मूळ निगेटिव्ह स्कॅन केली.
यंत्राने कागद हळूहळू बाहेर ढकलला,
आधी केस, मग कपाळ.
केसन् केस सुटा. स्वेटरची वीण मोजून घ्यावी.
गाल स्वच्छ.

मी बराच वेळ बघत राहिलो.
"काय चुकलं?"
"काही नाही गं. काहीच नाही चुकलेलं."

मग पडद्यावरच्या हत्यारांच्या रांगेत बोट ठेवून ती म्हणाली,
हे चित्र कसलं ते मला कधीच कळलं नाही, बाबा.
फिकं करायला वापरते मी.
लॉलीपॉप आहे का?
काडी, आणि काडीच्या टोकाला गोल.

मी उठलो. बिस्किटांचा डबा, बटणं, गंजलेल्या चिमट्या,
तळाशी तार. चकतीची कड ओलीने फुगलेली.
तिने ती हातात घेतली, उलटसुलट केली,
खिडकीसमोर धरली.
साडेदहा वाजून गेले होते, पाहुणा अजून दारातच.
ताज्या छापावर, मावशीच्या गालाजवळ ठिपका पडला,
या वेळी काळा, थरथरता.
रोमिना हसत मोजू लागली, स्पॅनिशमध्ये.
मी म्हणालो, हलवत राहा, हात थांबू देऊ नकोस.

मग म्हणालो, थांबव.